कुकरात शिजलेली वाळू

सिस्टर निवृत्त झाल्या त्याला तीन वर्षं झाली होती, पण ती निवृत्ती कागदावरची. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळून त्या घरी आल्या, त्या थिएटर सोबत घेऊनच. जेवणं झाली की त्या चमचे मोजायच्या. आठ भरले की मगच ओटा पुसला जायचा. सात भरले तर घरात कुणी जागचं हलायचं नाही. पोट शिवण्याआधी कात्र्या, चिमटे, गॉजचे तुकडे मोजायचे आणि एक जरी कमी भरला तरी कितीही मोठ्या सर्जनला टाका घालू द्यायचा नाही, हा त्यांचा तिथला खाक्या. आता तो चमच्यांवर चालायचा, आणि मास्तरांवर.

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. शाळेत चित्रकला शिकवून तेही घरी बसलेले. बोटांना रंग, सदऱ्याला रंग, एकदा तर चष्म्याच्या काडीलाही रंग. सगळं जग बायकोला सिस्टर म्हणतं म्हणून तेही सिस्टरच म्हणायचे, आणि त्याही ओ द्यायच्या. घरात पसारा करायला मास्तरांना एक जागा होती, गॅलरीतलं टेबल. तेही सिस्टर रोज पुसून घ्यायच्या.

समुद्राच्या पाण्याची टाकी आणली मास्तरांनी. चार फूट लांब, आत दगड, दगडांवर प्रवाळ, पाच मासे. सिस्टर आधी नको म्हणाल्या, मग पाणी कसं तपासतात ते विचारलं, आणि तिथंच अडकल्या. महिन्याभरात टाकीशेजारच्या खिळ्याला तक्ता लटकला. तापमान, क्षार, अमोनिया, नायट्रेट. सकाळ-संध्याकाळ नोंद आणि खाली सही. माशांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं, जीव जडला तो प्रवाळांवर. ना डोळे, ना पाय, पण पाणी बरं असलं की फुलायचं आणि बिनसलं की मिटून घ्यायचं. असा प्रामाणिक पेशंट त्यांना चौतीस वर्षांत भेटला नव्हता.

एकाच गोष्टीला त्या पाण्यात पाहायच्या, आणि ती पाण्यातच होती. तळाची वाळू. दोन बोटं जाडीचा तो थर, त्यात माशांची घाण, उरलेलं खाणं, वर तपकिरी साय. नायट्रेटचा, म्हणजे साचलेल्या घाणीचा, आकडा वर चढला की सिस्टर तक्त्याकडे बोट दाखवायच्या.

"काढून टाका ती वाळू. नुसती काच राहू दे. पाण्याचा पंप जोरात लावता येईल, प्रवाळांना वारा लागल्यासारखं होईल, आणि जी काही घाण पडेल ती नळीनं ओढून घेता येईल."

"मग ती टाकी नाही राहणार, सिस्टर. बेसिन होईल," मास्तर म्हणायचे.

वाद टाकी घेतली त्या दुकानात गेला. मासेवाला तरुण होता, पण नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये एवढी अक्कल त्याला होती. "काकू, काचेचा तळ ठेवणारे म्हणतात वाळूवाले घाणीत राहतात. वाळूवाले म्हणतात यांनी समुद्राचं बाथरूम केलं. मला दोघांनाही मासे विकायचेत."

मास्तरांचा खरा जीव होता तो पिवळ्यात. बोटाएवढा, पिवळाधमक मासा. दिवसभर प्रत्येक फटीत तोंड घालून फिरायचा आणि सात वाजता टाकीवरचा दिवा मालवला की नाकासमोर सूर मारून वाळूत गडप. झोपायचाच तो वाळूत. ते बघायला मास्तर रोज सातला पाच कमी असताना खुर्ची ओढून बसायचे. शाळेची घंटा झाल्यावर त्यांची पोरंही अशीच पळायची, असं ते दर चार दिवसांनी सांगायचे, आणि सिस्टर दर चार दिवसांनी ऐकून घ्यायच्या.

त्या पिवळ्यापायीच सिस्टरांनी माघार घेतली. म्हणजे त्यांच्या मते घेतली. वाळू राहील, पण स्वच्छ होऊन राहील, असं त्यांनी मनाशी ठरवलं. मास्तर एका चित्रस्पर्धेचे परीक्षक म्हणून दिवसभर बाहेर गेले. सिस्टरांनी पदर खोचला. नळी लावून सगळी वाळू बादलीत ओढली, सात पाण्यांनी धुतली. दुसरी एखादी बाई इथं थांबली असती. सिस्टरांनी मोठा कुकर काढला. वीस मिनिटं, घड्याळ लावून. थिएटरातल्या कात्र्यांना जो मान मिळायचा, तोच वाळूला मिळाला. थंड झाल्यावर ती परत टाकीत अंथरली आणि जो मास्तर कधी वाचत नसत त्या तक्त्यावर नोंद केली: वाळू निर्जंतुक. खाली सही.

अति तिथं माती म्हणतात ते खोटं नाही. दोन दिवसांत पाणी दुधाळ झालं. प्रवाळं मिटली. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. सिस्टरांनी अमोनिया तपासला. तपासणीच्या काचनळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवं झालं. त्यांनी आतल्या खोलीत जाऊन मासेवाल्याला फोन लावला.

"काकू, त्या वाळूत जंतू असतात," तो म्हणाला. "चांगले जंतू. घाण तेच खातात, निम्मी टाकी त्यांच्या जिवावर चालते. तुम्ही काय केलंत त्यांचं?"

"मारले."

"किती?"

"सगळे," सिस्टर म्हणाल्या.

तो म्हणाला, वाळू लगेच काढा, निम्मं पाणी बदला, दगडांमधले जंतू वाचले असतील तर टाकी वाचेल.

बाहेर मास्तर टाकीसमोर बसले होते. कपाळाला हात. "माझंच चुकलं, सिस्टर," ते म्हणाले. "परवा मी जरा जास्तच खायला घातलं त्यांना. तू नको म्हणत होतीस."

गप्प राहण्यासारखी जागा होती. वाळूनं काय, खाण्यानं काय, बिघडली ती टाकीच. पण हाताखालच्या मुलींना सिस्टरांनी एकच गोष्ट घोकून घेतली होती: चूक झाली की टेबलाशी उभं राहून मोठ्यानं सांगायची. चौतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं आज स्वतः करायची पाळी आली, आणि त्या टाकीशी येऊन उभ्या राहिल्या.

"खाण्यानं नाही झालं. मी वाळू कुकरात घातली होती."

मास्तरांनी वर पाहिलं.

"किती शिट्ट्या?"

सिस्टरांना हसू आलं, आणि हसता हसता डोळेच भरून आले. मास्तर उठले आणि बादल्या आणायला गेले. वाळू काढून, मिठाचं पाणी कालवून, निम्मी टाकी बदलून होईपर्यंत दोघांची कंबर धरली. पण तिसऱ्या दिवशी पाणी निवळलं आणि पहिलं प्रवाळ उघडलं.

तळ आता नुसत्या काचेचा होता. सुंठीवाचून खोकला गेला होता. नायट्रेट खाली, घाण लांबून दिसायची, नळी लावली की साफ. सिस्टरांना हवं होतं ते सगळं झालं, आणि ते बघणं सिस्टरांनाच जमेना. सात वाजता दिवा मालवला की पिवळा नेहमीसारखा सूर मारायचा आणि काचेवर आपटायचा. पुन्हा वर यायचा, दुसरी जागा बघायचा, पुन्हा आपटायचा. दुसऱ्या संध्याकाळी त्याचं तोंड सोललेलं दिसलं. मास्तरांनी खुर्ची गॅलरीत नेली.

सिस्टर सकाळी दुकानात गेल्या आणि मासेवाल्याच्या सगळ्यात जुन्या टाकीतली वाळू मागितली. ती त्यांनी काचेच्या पसरट भांड्यात भरली, धुतली नाही, आणि भांडं टाकीत दगडांच्या आडोशाला ठेवलं. संध्याकाळी मास्तर खुर्ची परत घेऊन आले. पिवळा त्या वाळूवरून दोनदा फिरला, थबकला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी तो बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सिस्टर पुन्हा पुन्हा मासे मोजत होत्या. चारच. मेला असेल तर तो आत सडणार आणि पाणी पुन्हा बिघडणार. जिवंत असेल तर उकरल्यावर घाबरून मरणार. हातात लांब दांड्याचा प्लास्टिकचा चमचा घेऊन त्या टाकीपाशी उभ्या राहिल्या.

"उकरून बघू का?"

"नको," मास्तर म्हणाले.

"अहो, काही कळत नाहीये. असं न बघता कसं सोडायचं?"

"तुझ्या थिएटरात माणूस तास-दोन तास यायचा, सिस्टर. तोही भूल दिलेला. सगळं पुसून, मोजून ठेवणं तिथं बरोबरच होतं." मास्तरांनी टाकीकडे बोट केलं. "इथं राहायचं असतं."

"कुणाला? माशांना?"

"माशांनाच," मास्तर म्हणाले आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेलं आपलं रंगाचं फडकं मुकाट्यानं उचलून घ्यायला लागले.

सिस्टर त्या फडक्याकडे बघत राहिल्या. ते त्यांनी सांगायच्या आधीच उचललं गेलं होतं. इतकी वर्षं ते असंच उचललं जात आलं असणार, हे त्यांच्या आजच लक्षात आलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

"असू द्या ते तिथंच," त्या म्हणाल्या. चमचा त्यांनी टाकीत घातला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास भांड्यातली वाळू हलली. आधी तोंड आलं, मग डोळा, मग सगळा पिवळा एका झटक्यात वर उसळला, आणि मूठभर वाळू त्या लखलखीत काचेवर चहूकडे सांडली. सिस्टरांनी "अहो" म्हणून हाक मारली ती अशी, की मास्तर गॅलरीतून ब्रश हातात घेऊनच धावत आले. पिवळा एका दगडाच्या फटीत तोंड घालून बघत होता. मास्तरांनी सांडलेली वाळू पाहिली आणि न सांगता कोपऱ्यातली नळी आणून सिस्टरांपुढे धरली.

सिस्टरांनी नळी घेतली, गुंडाळली आणि जागेवर ठेवून दिली. मग मासेवाल्याला फोन लावला.

"वाळू हवी होती. त्याच जुन्या टाकीतली."

"भांड्यापुरतीच ना, काकू?"

"नाही. सगळा तळ झाकेल एवढी," सिस्टर म्हणाल्या. "आणि हे बघ, धुऊ नकोस."