गंगाधरच्या फोटोमागचा काळा रंग

दिलप्या, काउंटरवर लावलेलं ते कार्ड आधी खाली काढ.

माणसाचं प्रथम पुण्यस्मरण, आन त्याच्या फोटोमागच्या काळ्या रंगात ढग! उजव्या अंगाला तर राख चोळल्यावानी दिसतंय.

वर लिहिलंय काय, तर "आमच्या प्रेसचा आधारस्तंभ".

त्याच स्तंभाला तू गिऱ्हाइकासमोर हाकललं होतंस.

राम राम सगळ्यांना.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. मी दिलीपची आई. तिसरी शिकलेली, मी सांगते आन नात लिहिते. लातुरात आमची डिजिटल प्रेस हाय, मी तिथं बसून पत्रिका पाकिटात घालते. गंगाधर आमचा ऑपरेटर. रेणापूरहून रोज एसटीनं यायचा. आज त्याला जाऊन वर्ष झालं.

तो काही देवमाणूस नव्हता. तंबाखू खायचा, मशीनशी बोलायचा, माझ्याशी भांडायचा.

"माय, पत्रिकेला बोटं लावू नका, तुमच्या हाताला तेल असतंय."

"ह्याच हातचं खाऊन तुझा मालक एवढा झालाय रे."

"म्हणून तर डाग पडलेत त्याच्यावर."

असा होता.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाची पत्रिका आली. पानभर नुसता मरून रंग. प्रेसमध्ये त्याला सॉलिड म्हणतात. भिंतीला गिलावा केल्यासारखा सपाट पाहिजे. तो एका बाजूला फिक्का पडू लागला.

गंगाधरनं मशीन पुसली. रंग जुळवून घेतले. मशीनमधला रंग उठवणारा ड्रमसुद्धा बदलून बघितला. डाग तिथंच.

मग त्यानं त्याच गठ्ठ्यातले पाच कोरे कागद घेतले, कोपऱ्यात पेन्सिलीनं फुली मारली आन फिरवून मशीनमध्ये घातले. डोकं खाली, पाय वर.

डाग दुसऱ्या बाजूला गेला.

"बघा माय. जागेवर राहिला असता तर मशीनचा. कागदासंगं फिरला, म्हंजी कागदाचा."

"कागदाला काय धाड भरलीय?"

"मालकाचा कूलर. बंडल फोडून कूलरम्होरं ठेवलेत. त्या अंगानं ओल धरली. ओल्या कागदावर रंग बसत न्हाई."

तेवढ्यात दिलप्या आला. गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं.

"मालक, कूलर तेवढा हलवा."

"कूलर गिऱ्हाइकासाठी हाय. मशीन तू बिघडवली आन नाव कूलरचं घेतो व्हय? उद्यापासून येऊ नको."

गंगाधरनं ते पाच कागद पुढं केले. दिलप्यानं बघितले नाहीत.

मग गंगाधर माझ्याकडं वळला. "माय, तुम्ही तर बघितलंय ना?"

मी पाकिटात पत्रिका घालत होते.

घालत राहिले.

महिन्याभरात तो गेला. हार्टचं दुखणं जुनं होतं. नोकरी गेली म्हणून मेला असं मी म्हणत नाही, तुम्हीपण लिहू नका.

पर तोवर गावातल्या दोन प्रेसवाल्यांनी त्याला दारातूनच परतवून लावलं होतं. "मशीन बिघडवणारा." वीस वर्षं मशीनवर उभ्या राहिलेल्या माणसाचं एवढंच नाव उरलं.

मग पाऊस लागला. कूलर बंद झाला. रंग सपाट यायला लागला.

दिलप्या जेवताना म्हणतो कसा, "बघ आई, माणूस गेला आन मशीन सुधरली."

तेव्हाही मी गुमान भाकर वाढली.

आता उन्हाळा आला, कूलर चालू झाला, फोडलेलं बंडल पुन्हा त्याच जागेवर. त्यातलेच कागद घेऊन काल हे कार्ड छापलं.

आज सकाळी मी नव्या ऑपरेटरला म्हणलं, फुली मार आन फिरवून घाल. तो म्हणे, "आजी, तुम्हाला काय कळतंय मशीनमधलं?" म्हणलं, घाल.

ढग उजवीकडून डावीकडं गेला.

मग आतल्या कपाटातलं सीलबंद बंडल फोडायला लावलं. तीच मशीन, तोच फोटो. काळा रंग असा सपाट आला की बघत राहावं.

दोन्ही कागदांचे फोटो नातीनं खाली टाकलेत. त्या दोन प्रेसवाल्यांनाही टॅग करायला लावलंय. डोळे फाडून बघा.

दिलप्या, दुपारच्या एसटीनं रेणापूरला चल. गंगाधरच्या बायकोसमोर, सुमनसमोर हे कागद ठेव आन तुझ्या तोंडानं सांग, मशीन त्यानं बिघडवली नव्हती.

मी का गप बसले, ते माझं मी सांगेन तिला.

गंगाधर, तुझी फुली बघितली रे. वर्षानं बघितली. जा आता सुखानं.

खाली कुणी हात जोडलेली चित्रं टाकू नका. उत्तर दिलप्यानं द्यायचं. बाकीच्यांनी गप बसायचं.