गुरुनाथचं लाल बटण

सातासमुद्रापलीकडच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात गुरुनाथ देवळेकर म्हणजे मांडवाची मेढ. हॉल मिळवायचा तोच, माइक धरायचा तोच, आणि धरलेला माइक सोडायला विसरायचाही तोच.

त्याची कंपनी एका डॅनिश मालकानं घेतली आणि बांधावर परमुलखातला पक्षी उतरावा तसा त्याच्या तोंडी एक नवा शब्द उतरला. प्यूट. म्हणजे असू दे, जाऊ दे, जीव जाळू नको. त्या देशात शाळेतल्या पोरांसाठी याचं बटण ठेवतात. हिरमोड झाला की दाबायचं आणि पुढं चालायचं. गुरुनाथनं तसं एक लाल बटण मागवून मंडळाच्या टेबलावर मांडलं.

गणपतीत श्रीखंड कमी पडलं, त्यानं बटण दाबलं. त्यानं पार्किंग चुकीचं सांगितलं आणि लोकांच्या गाड्या उचलून नेल्या, पुन्हा दाबलं. शोभनाकाकूंनी उन्हाळाभर घोटलेली गौळण त्याच्या लांबलेल्या प्रास्ताविकात बुडाली. काकू नऊवारी नेसून पडद्याआड उभ्या होत्या. त्यांच्यासमोरच त्यानं बटण दाबलं. "काकू, प्यूट. पुढच्या वर्षी बघू."

दिवाळीला आभारप्रदर्शन काकूंनी मागून घेतलं. आभारांत नाव कुठं येतं, यावर त्या मंडळात माणसाची उंची ठरे. गुरुनाथला तर यंदा अध्यक्ष व्हायचं होतं. ऑफिसातल्या डॅनिश पाहुण्या किर्स्टनबाईंच्या शेजारी तो सदरा सारखा करून अर्धा उठूनच बसला होता. काकूंनी हॉलवाल्यांचे, साउंडवाल्यांचे, खुर्च्या उचलणाऱ्यांचेही आभार मानले आणि माइक ठेवला.

तो टेबलाशी गेला. "काकू, माझं नाव राहिलं."

काकूंचं बोट बटणाकडे निघालं. तोवर काय चाललंय ते विचारून घेत किर्स्टनबाई पुढं आल्या आणि त्यांनी हात आडवा धरला. हा शब्द ज्याचं गेलं त्यानं म्हणायचा, त्यांनी शांतपणे समजावलं. ज्यानं घालवलं त्यानं नव्हे.

काकूंनी क्षणभर गुरुनाथकडे पाहिलं. मग बटण त्याच्या पुढ्यात सरकवलं. "घे बाबा. आता तुझी पाळी."

सारा हॉल बघत होता. गुरुनाथचा हात बटणापर्यंत गेला, वरून पलीकडे गेला आणि त्यानं माइक उचलला. अनवधानानं एक नाव राहिलं, असं सांगून त्यानं स्वतःचे सविस्तर आभार मानले.

टाळी एकटीच वाजली. शोभनाकाकूंची.