सुभेदारांचं ‘नको’

नव्वदच्या दशकात आमची कंपनी काश्मीरमध्ये बर्फाच्या पोस्टवर होती. मी कसबा बावड्याचा, कंपनीचा रेडिओ ऑपरेटर. सुभेदार कांबळे शाहूवाडीचे. त्यांनी साधा चहा मागितला तरी भांडण काढल्यासारखं वाटायचं.

कंपनी कमांडर मेजर साहेब मराठीच. शूर माणूस. नवे आले तेव्हा लंगरमध्ये आमच्याबरोबर जेवायला बसायचे, प्रत्येकाचं मत विचारायचे. मग एका मोहिमेत यश आलं, वरून शाबासकी मिळाली आणि विचारणं बंद झालं. कौतुकानं माणूस बहिरा होतो, हे मी तिथं पाहिलं. आम्हीही माना डोलवायला शिकलो. कांबळ्यांना ते काही जमलं नाही.

मार्चमध्ये वरच्या पोस्टला रेशन न्यायचं होतं. तिथं लगेच उपासमार नव्हती. पण ‘आजच पोहोचवतो’ असा शब्द साहेबांनी वरिष्ठांना दिला होता. दुपार झाली, ऊन तापलं.

“साहेब, आज नको,” कांबळे म्हणाले. “बर्फ सैल झालाय. उद्या पहाटं निघू की.”

“ऑर्डर आहे, सुभेदार.”

“जी, साहेब.”

रेशन घेऊन आम्ही निघालो. वाटेतल्या बर्फाच्या उतारापाशी कांबळ्यांनी आम्हाला थांबवलं. “मी पलीकडं पोचल्याबिगर कुणी पाऊल टाकायचं न्हाय.”

रेडिओवर साहेब होते. “उशीर का होतोय? ओव्हर.”

“सुभेदार साहेब उतार ओलांडताहेत. ओव्हर.”

तेवढ्यात वरचा बर्फाचा कडा सुटला. “मागं सरा!” एवढंच ऐकू आलं. आम्ही सरलो, म्हणून वाचलो. कांबळे सापडले दुसऱ्या सकाळी, बर्फाखाली.

त्यानंतर साहेब बदलले. प्रत्येक गस्तीआधी सगळ्यांत नवा जवान आधी बोलायचा, साहेब शेवटी. त्यांच्या हाताखाली पुन्हा कुणी असं गेलं नाही. शहाणपण आलं, पण फार महागात.

पुढच्या सुट्टीत ते माझ्यासोबत शाहूवाडीला आले. कांबळ्यांचे वडील भात वाळवत होते. ‘जय भीम’ झालं. साहेब उभेच राहिले.

“आबा, त्यांनी मला नको म्हटलं होतं. मी ऐकलं नाही.”

आबांनी बराच वेळ भातावरून हात फिरवला.

“घरातबी त्यो त्वांडावर बोलायचा, सायेब. लई राग यायचा आमास्नी. पर ऐकायचो की.”

साहेबांनी टोपी काढली. त्या दिवशी उताराच्या अलीकडे थांबलेले आम्ही सगळे पेन्शनीत आलो, नातवंडं खेळवतो. सुभेदार कांबळ्यांची मात्र फार आठवण येते.