जपानचं पाणी

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू गेल्या तो मंगळवार होता. बुधवारी काका मासळीबाजारात गेले नाहीत, आणि आमच्या चार मजली इमारतीत त्या दिवशी कोणाकडेच मासे शिजले नाहीत. शोक होताच, पण खरं कारण असं की मासळी निवडायची कशी हे काकांखेरीज कोणालाच येत नव्हतं. सबंध वसईत मासळीची त्यांच्याइतकी पारख दुसऱ्या कोणाला असेल असं मला आजही वाटत नाही. आणि या माणसाने तीस वर्षांत मासळीचा एक घास खाल्ला नव्हता.

काका मूळचे वसईच्याच पाचूबंदरचे, कोळ्याघरचे. नोकरीला मुंबईत लागले आणि ऑफिसातल्याच, भाजी निवडतानाही अळी जपून बाजूला ठेवणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडले. तिने मासे सोडायला सांगितलं का, असं मी एकदा विचारलं. "सांगितलं असतं तर भांडलो असतो," काका म्हणाले. "बोललीच नाही. मग लग्नाच्या आदल्या दिवशी मीच म्हणालो, उद्यापासून बंद." शब्द खाण्यापुरता होता, बघण्या-हुंगण्यापुरता नव्हता. दर बुधवारी ते सगळ्यांच्या पिशव्या घेऊन बाजारात जात, कल्ले उघडून बघत, पोटं दाबत, पापलेटाच्या डोळ्यांत डॉक्टरांसारखं निरखत. एक कोळीण त्यांना नेहमी सुनवायची, "खायचा तुमाला नाय, नि त्याच्या डोल्यात कशाला बघता?" मग आठ घरी मासळी पोचवून काका घरी भेंडीची भाजी जेवत. आमच्याकडून नेलेला पेपर मात्र ते बरोबर माझ्या बायकोने तव्यावर तुकडी टाकली की परत करायला येत, आणि दारातच उभे राहून तो पुन्हा पहिल्या पानापासून वाचत.

दुसरा छंद नव्या हॉटेलांचा. गावात कुठेही हॉटेल उघडलं की काका-काकू पहिल्याच दिवशी हजर. "दुसऱ्या दिवसापासून मालक काटकसर करायला लागतो," हे काकांचं शास्त्र. काकू गेल्यावर तेही थांबलं. पाचूबंदरचे नातेवाईक येऊन सांगून गेले की आता खायला हरकत नाही. काकांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "शब्द जिला दिला ती गेली. शब्द कुठे गेला?"

चार महिन्यांनी स्टेशनजवळ रामेनचं दुकान उघडलं. बोटीवर बरीच वर्षं खानसामा असलेला पाचूबंदरचाच एक तरुण ते चालवत होता. फळ्यावर मराठीत लिहिलं होतं, 'जपानी शेवया, गरम पाण्यात'. पहिल्या दिवशी मी काकांना जवळजवळ ओढतच नेलं. "ग्रंथपाल, तू पुस्तकं सांभाळ, मला कशाला सांभाळतोस?" असं पुटपुटत ते आले. आम्ही दोन व्हेज रामेन मागवले.

वाडगे आले. शेवया, मक्याचे दाणे, कांद्याची पात. काकांनी चमच्याने पाण्याचा एक घोट घेतला आणि थांबले. मग चमचा खाली ठेवला, वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला आणि डोळे मिटले. जेवताना गप्प बसलेले काका मी त्याआधी पाहिले नव्हते. मला वाटलं, आवडलं. मग मी घोट घेतला, आणि बायकोच्या सुक्या मासळीच्या बरणीचा वास आला. काकांना कोणीतरी फसवतंय असं वाटून मी घाबरलो. मालकाला हाक मारली. "हे व्हेजच आहे ना?"

"व्हेजच ओ. मासली एक पन नाय टाकली," तो म्हणाला. "सुका जवला उकलून त्याचं पानी घेतलंय फक्त."

काकांनी डोळे उघडले. वाडगा टेबलावर ठेवला. अर्धा होता. मालकाला ते शांतपणे म्हणाले, "पाटीवर तसं लिही रे बाबा," आणि उठले.

घरापर्यंत आम्ही चालत आलो. जिन्यापाशी काका थांबले.

"विचारायची काय घाई होती?" काका म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्या घोटाला. ताप आला की आई हेच पाजायची."

"मग?"

"मग काय. कोणी बोललं नव्हतं तोवर ते जपानचं होतं."

त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पुढच्या बुधवारी पिशव्या मागायला आले, आणि त्यानंतर दोन वर्षं येत राहिले. रामेनचं दुकान मात्र त्या दोन वर्षांतच बंद पडलं. बोटीवर परत जाण्यापूर्वी मालक त्यांना भेटून गेला. त्याने आणलेली जवळ्याची पुडी काकांनी हुंगून आमच्याकडे दिली.

आता काकाही नाहीत. समोरच्या फ्लॅटला कुलूप आहे. बुधवारी पिशव्या घेऊन मी बाजारात जातो. कल्ले उघडून बघतो, त्यातलं मला काही कळत नाही, आणि कोळीण देईल ते घेऊन येतो.