गरीब स्वभावाचे दोघे

गरीब स्वभावाची माणसं दोन तऱ्हेची असतात आणि त्यांच्यातला फरक मला लांबूनही कळतो. ही फुशारकी नाही. मला ते लग्नाआधीच शिकावं लागलं, न शिकून भागलं नसतं.

साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. आमचं घर मुरबाड-शहापूर रस्त्यापासून थोडं आत. मला दोन आत्या. एक शहापूरकडे दिलेली, दुसरी मुरबाडकडे. दोघींचे मुलगे लग्नाचे झालेले आणि भावाची मुलगी आपल्याच घरात यावी, हा दोघींचा हट्ट. मुलगे तर असे की आई म्हणायची, एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा. कमी बोलणारे, खाली मान घालून जेवणारे, आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, प्रत्येक बोलण्याला 'होय मामा' म्हणणारे. आबा तापट, त्यांना दोघेही पसंत. कुठल्या बहिणीला नाराज करायचं, एवढाच त्यांच्यापुढे प्रश्न होता. जन्म मात्र मला काढायचा होता.

उन्हाळ्यात राब भाजायला आबांनी दोघांनाही बोलावून घेतलं. भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर शेण, पाला, गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं, हे आमच्याकडचं दरवर्षीचं काम. दुपारी सगळं रचून झालं तेव्हा वारा सुटला होता, आणि तो नेमका आमच्या पेंढ्याच्या गंजीकडे. पावसाळ्यापर्यंतचा बैलांचा चारा त्या गंजीत होता. पण आबांना धीर कसला! त्यांनी गवताची पेटती चूड मुरबाडकडच्याच्या हातात दिली.

त्यानं ती घेतली, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि चूड मातीत खुपसून विझवली.

"आता नको मामा," तो म्हणाला. "वारा गंजीवर हाय. सांजेला लावू."

आबांचा पारा चढला. मामाला शेती शिकवतोस का, म्हणून ते त्याला वाटेल ते बोलले. तो खाली मान घालून ऐकत राहिला, पण चूड काही त्यानं पुन्हा हातात घेतली नाही. मग आबांनी दुसरी पेटवून शहापूरकडच्याला दिली. तो 'होय मामा' म्हणाला. त्याचा सदरा गंजीच्या खांबाला अडकवलेला होता. चूड हातात धरूनच तो तिकडे गेला, सदरा काढला, पार पलीकडच्या बांधावर दगडाखाली ठेवला आणि मग येऊन राब पेटवला.

मी पाणी घेऊन आले होते, तिथंच उभी होते. सदऱ्याकडे माझ्याशिवाय कोणाचं लक्ष गेलं नाही.

अर्धी गंजी जळाली. उरलेली वाचवायला ओल्या डहाळ्या घेऊन दोघेही सारखेच जिवाच्या आकांतानं झटले, हेही सांगायला हवं.

संध्याकाळी आबांनी निकाल दिला. शहापूरकडच्यानं त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता, दुसरा तोंडावर नाही म्हणणारा. मुलगी शहापूरला द्यायची. मी घरात कधी बोलत नसे, माझ्या गरीब स्वभावाचं सगळ्या नात्यात कौतुक होतं. पण त्या वेळी मला संताप आला, आणि भीतीही वाटली. ज्याला संकट आधी दिसतं आणि जो आपला सदरा तेवढा हलवतो, अशा माणसाजवळ मी आयुष्य कसं काढायचं?

"त्याला वारा कळला व्हता आबा," मी म्हटलं. "आदी सोताचा सदरा उचलला, मग आग लावली. त्या घरात मी नाय जायची."

सदरा कुठं होता, म्हणून आबांनी विचारलं. मी सांगितलं. ते उठून बाहेर गेले. गंजीचा खांब जळून काळा पडला होता, तो त्यांनी हात लावून पाहिला. परत आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, मुरबाडला निरोप धाड.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू पन त्या मुरबाडवाल्यासारकीच निघालीस गो."

रागानंच म्हणाले. पण एवढं मोठं कौतुक त्यांनी माझं पुन्हा कधी केलं नाही.