अंगठ्याखालची कणीक

पुण्याहून पाहुणे आले की पहिले दोन दिवस इथल्या हॉकर सेंटरचं, म्हणजे एका छपराखालच्या खाऊगल्लीचं, कौतुक चालतं. तिसऱ्या दिवशी मुलं कुरकुरतात आणि मला विचारणा होते, "इथं खरं इटालियन कुठं मिळेल हो?" मी म्हणतो, कुठलं इटालियन? ते माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघतात. पूर्वी मीही त्यांच्यातलाच होतो. कोल्हापूरचं जेवण वेगळं, मालवणचं वेगळं, खानदेशचं त्याहून वेगळं, यावर मी कोणाशीही तावातावानं भांडेन; पण इटली म्हटलं की पांढरा सॉस, मक्याचे दाणे आणि ढोबळी मिरची एवढाच माझा भूगोल होता.

माझं ऑफिस रॅफल्स प्लेसला. तिथून दहा मिनिटं चाललं की खाली दुकान, वर घर अशा एका जुन्या शॉपहाउसमध्ये अरुंद रेस्टॉरंट लागतं. नाव सांगणार नाही. गर्दी झाली तर मलाच टेबल मिळायचं नाही. इटलीच्या बुटाची जी टाच, त्या पुलिया भागातलं तेवढंच तिथं रांधतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा वालाच्या भावकीतल्या कसल्याशा बियांचं घट्ट वरण आणि सोबत कडसर पालेभाजी समोर आली. मी मनातून भडकलो. वरण खायला एवढ्या लांब आलो का? मग एक घास घेतला. वरून सोडलेल्या ऑलिव्ह तेलाचा वास नाकात गेला आणि मी बशी पुसून खाल्ली.

तिथं दाराजवळच्या लाकडी फळीपाशी मालकाची आई बसते. सत्तरी ओलांडलेली, इंग्रजी शून्य. रव्याच्या कणकेची लांब वळी करते, सुरीनं बोराएवढे तुकडे पाडते आणि एकेक तुकडा अंगठ्यानं फळीवर ओढते. त्याची वाटी होते, ती उलटली की इवलासा कान. असे शेकडो कान समोर वाळत पडलेले असतात, आणि ते करताना ती गिऱ्हाइकांकडे बघत असते, हाताकडे नाही. मी तिथं नेहमी तिच्यासमोरचंच टेबल मागतो.

गेल्या वर्षी सासूबाई आमच्या पुंगोलच्या घरी राहायला आल्या. वाईच्या. त्याच्या चार महिने आधी त्यांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजव्या हाताचा अंगठाही हलू लागला, पण बोटं जुळेनात. घास बांधता येत नव्हता. डाव्या हातानं जेवायचं नाही, चमच्यानं लहान मुलासारखं खायचं नाही, आणि जावयासमोर सांडायचं तर मुळीच नाही. मी ऑफिसला गेल्यावर त्या स्वयंपाकघराचं दार लावून घेत आणि चार घासांत आटपत. दोन महिन्यांत ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. वर लेकीपाशी रोजचं पालुपद, "माझं तिकीट अलीकडचं कर. मी वाईला एकटी राहीन, बाई ठेवीन." डॉक्टरांनी बजावलं होतं की हात वापरला नाही तर आहे तेवढाही जाईल. त्यांनी दिलेला रबरी चेंडू कपाटात पडून होता.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. एका रात्री ताटावरून उठून त्या निघाल्या तेव्हा मी म्हणालो, "आई, इथं कोण बघतंय तुमच्या हाताकडे?"

"तुम्ही," त्या म्हणाल्या आणि खोलीत गेल्या. बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं त्या रेस्टॉरंटमध्ये गेलो. हाताचा विचार माझ्या डोक्यात नव्हता; घरात कोंडल्यासारखं झालं होतं, इतकंच. सासूबाई मासे खात नाहीत, म्हणून मालकाला सांगून पालेभाजीत पडणारा खारवलेला मासा वगळायला लावला. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही जेवा. मी नुसती बसते." बसल्या, आणि त्यांची नजर त्या फळीवर गेली.

"अगं, ही तर नखुले करतेय," त्या लेकीला म्हणाल्या.

तेव्हा बायकोनं मला सांगितलं. वाईत कोणाच्याही घरी लग्न निघालं की वळवटाला आईला बोलावणं यायचं. गव्हले, नखुले, बोटवे, मालत्या, सगळं कणकेचं, हातावर वळलेलं. रुखवतात मांडायला आणि खिरीला. मी ती खीर माझ्याच लग्नात खाल्ली होती आणि तांदळाची समजलो होतो.

फळीपाशी बसलेल्या म्हातारीनं आम्हाला बघताना बघितलं आणि मलाच खूण केली, ये, करून बघ. मी बाह्या सरसावल्या. पहिला तुकडा फळीला चिकटला. दुसऱ्याचं पायाखाली आलेल्या पेढ्यासारखं झालं. मी म्हणालो, कणीक फार घट्ट आहे.

"नाचता येईना अंगण वाकडं," बायको म्हणाली. म्हातारी खो खो हसली, शेजारच्या टेबलावरचेही हसले.

सासूबाईंना ते सोसवलं नसावं. आपल्या जावयाला परकी माणसं हसतायत, आणि वर कणीक वाया जातेय. त्या उठल्या, पाय ओढत फळीपाशी आल्या. "अहो, सरका तिकडं," त्या म्हणाल्या. एरवी माझ्याशी बोलताना पदर सावरणारी बाई.

डाव्या हातानं त्यांनी तुकडा धरला. उजव्या हाताची बोटं मुडपलेलीच होती, पण तिथं बोटांचं काम नव्हतंच. अंगठा टेकवायचा आणि ओढायचा. पहिला फाटला. दुसराही. पाचवा वळला. मग सहावा, सातवा. एक लहान, एक मोठा, पण वाटी झालेला. म्हातारीचं हसू केव्हाच थांबलं होतं. ती आपली फळी अर्धी सोडून सरकून बसली आणि तुकडे पाडून यांच्यापुढे ठेवू लागली. एक इटालियनमध्ये बोलत होती, दुसरी मराठीत, आणि एकीचंही अडत नव्हतं. मी आयुष्यात बरंच काही बघितलंय, पण असा थक्क कधी झालो नव्हतो. जगाच्या दोन टोकांना बायकांनी एकमेकींना न विचारता पिठाला अंगठ्याची तीच ओढ द्यायची शोधून काढली होती, आणि मी दोन्हीकडं नुसता खात आलो होतो.

मालकानं सासूबाईंचे ते वीस-पंचवीस कान वेगळे उकडले, कडसर पाल्यात परतले आणि खोलगट बशीत त्यांच्याच पुढे ठेवले. बाजूला चमचा. त्यांनी चमचा सरकवून दिला. उजवा हात बशीत घातला, अंगठ्यानं एक कान बशीच्या कडेला रेटला, मुडपलेल्या बोटांवर चढवला आणि तोंडाकडे नेला. निम्मा पाला साडीवर सांडला. त्यांनी तो पुसला नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला. बायको खिडकीबाहेर बघत डोळे टिपत होती. मी मात्र बघत होतो, त्यांना दिसेल असं, सरळ त्यांच्या हाताकडे.

बशी संपली. त्यांनी मान वर केली.

"त्यांना विचारा ना," त्या मला म्हणाल्या, "अजून थोडं मिळेल का."

मी उठलो. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं.