एअर फिल्टरचं वैर

तमाम थोरामोठ्यांनी हातातली कामं खाली ठेवावीत, पोराटोरांनी नाकं पुसावीत. कारण एक अत्यंत गंभीर गोष्ट जाहीर करायची आहे. भूम तालुक्यात माणसाचं माणसाशी जन्माचं वैर दोनच गोष्टींवरून लागतं. एक शेताचा बांध आणि दुसरा मोटारसायकलचा एअर फिल्टर.

बांधावरून आमचं कुणाशी वाजलं नाही. फिल्टरवरून वाजलं ते थोरल्या बहिणीच्या नवऱ्याशी, म्हणजे दाजींशी. दाजी ईट गावाच्या बाजूला एका खेड्यात सहकारी दूध सोसायटीचे सेक्रेटरी. माप घालायला आलेल्या बाईकडं ते असं बघायचे, की म्हशीनंच दुधात पाणी घातलं असावं अशी तिला शंका यावी. मला ते कधीच आवडले नाहीत, हे मी आजही मोठ्या आनंदानं सांगतो.

अशा माणसाशी मी भागीत मोटारसायकल घेतली. पण गाडीच तशी होती. दोन सायलेन्सरची, रेसच्या जातीची, सोलापुरात एका हौशी माणसानं वापरून काढलेली. चालू केली की गल्लीतली कुत्री घरात शिरायची. एक आठवडा ती त्यांच्याकडं, एक माझ्याकडं, आणि अदलाबदलीच्या दिवशी भांडण.

त्या दुष्काळात जिकडंतिकडं रोजगार हमीची खडी फुटत होती आणि सगळ्या तालुक्याचा फुफाटा हवेत होता. गाडीतला कंपनीचा फिल्टर फाटला, धूळ आत गेली, पिस्टन धरला. धूळ कुणाच्या आठवड्यात गेली यावर आम्ही इतके भांडलो की बहीण रडायला लागली. शेवटी निम्म्या-निम्म्या खर्चानं गाडी दुरुस्त केली आणि ठरलं, बाजारातून दोघांनी आपापल्या पसंतीचा फिल्टर आणायचा. आठवडाभर माझा, मग आठवडाभर त्यांचा. ज्याच्या फिल्टरवर गाडी बंद पडेल, त्यानं गाडीवर कायमचं पाणी सोडायचं. त्या वर्षी तालुक्यात सोडायला तेवढंच पाणी होतं.

"कंपनीचा न्हाय. बाहेरचाच घ्यावा लागंल," सोलापूरचा दुकानदार वर न बघता म्हणाला आणि त्यानं काउंटरवर तीन फिल्टर टाकले. एक कागदी, चुण्याचुण्यांचा. एक स्पंजचा. एक नुसती तारेची जाळी.

"जाळीनं काय होतं?" मी विचारलं.

"आवाज होतो. धूळ बी सरळ आत जाते. कॉलेजची पोरं आवडीनं नेतात."

मी कागदी उचलला.

"कागूद!" दाजी हसले. "पाव्हणं, गाडीला शाळंत घालताय का?"

"तुम्ही स्पंज घ्या, दाजी. गाडी नाही चालली तर भांडी घासायला होईल."

"आपल्या फुफाट्यात कागूद दोन दिसात बुजतोय."

"रोज झटकायचा असतो. पण त्याला हात हलवावा लागतो."

दुकानदार वैतागला. "घरी जाऊन भांडा की! आन् ऐका, स्पंज कोरडा बसवू नका. तेलात बुडवायचा, पिळायचा, मग बसवायचा. धूळ तेलाला चिकटती."

"मला शिकवू नका," दाजी म्हणाले.

माझा आठवडा निभावला. रोज संध्याकाळी मी फिल्टर भिंतीवर आपटून झटकायचो. चढाला गाडीला धाप लागायची, पण ती थांबली नाही. दाजी भेटणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, "मेली का?"

मग त्यांचा स्पंज बसला आणि सुरुवातीला गाडी अक्षरशः उडाली. मी जळत होतो. एक गोष्ट मात्र खटकायची. गाडी जवळून गेली की मागं भज्यांचा घमघमाट राहायचा. मला वाटलं, दाजी हॉटेलात बसून येत असतील.

त्यांच्या आठवड्याच्या शेवटच्या संध्याकाळी मी मुद्दाम सोसायटीपुढं जाऊन उभा राहिलो. दूध घालणाऱ्यांची रांग लागली होती. रांगेत बहीण आणि शेजारी तिची सासू. लांबून काळा धूर दिसला. गाडी खोकत, ठेचकाळत आली आणि बरोबर रांगेपुढं गप्प झाली. दाजींनी किका मारल्या. घाम गळाला, गाडी हलली नाही.

मी हात पुढं केला. "चावी, दाजी."

"थांब! बघू दे."

त्यांनी फिल्टरची डबी उघडली. आतला स्पंज चिक्कीसारखा कडक झाला होता, वर धुळीचा थर. मी हुंगून बघितला. करडी! आमच्याकडं नुसतं 'तेल' म्हटलं की ते करडीचंच; बाकीच्या तेलांना आडनाव लागतं. पण करडीचं तेल उन्हात राहिलं की आटून रोगणासारखं घट्ट होतं. गाडीचा श्वासच कोंडला होता.

"हे इंजिनचं तेल नाही, दाजी. खायचं आहे."

"मग तूच वतलंस!" दाजी ओरडले. "माझ्या गाडीचा घात केला ह्यानं! बघा रं समदे! चावी मिळत न्हाय, जा!"

सगळी रांग माझ्याकडं डोळे वटारून बघायला लागली. साहजिकच होतं, त्यांच्या दुधाचं माप दाजींच्या हातात होतं. दाजींनी चावी खिशात टाकली आणि तेवढ्यात बहिणीची चरवी खाली आदळली. शेजारी सासू उभी आहे, हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

"अगं बाई, तरीच! डब्यातलं तेल चोरून भजी खातेत म्हणून म्या आठ दिस सासूबाईंवर पाळत ठिवली, आन् पिलं ते ह्या मुडद्या फटफटीनं व्हय!"